एका देठाचे गणगोत

प्रस्तावना

कोबी हा शब्द इंग्रजी कॅबेजवरून आला, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. दोन्हींत 'क' आहे, दोन्हींत 'ब' आहे आणि भाजीही एकच. शाळकरी वयात एवढा पुरावा पुरतो. पुढे कळले की या दोन शब्दांचे एकमेकांशी काहीच नाते नाही. कॅबेज हा जुन्या फ्रेंचमधल्या 'काबोश' म्हणजे डोके या शब्दावरून आला, आणि त्याच्यामागे बहुतेक जाणकारांना लॅटिन 'कापुत' (तेही डोकेच) दिसते. कोबी मात्र पोर्तुगीज 'कोउव्ह'वरून आला आणि कोउव्ह लॅटिन 'काउलिस'वरून. काउलिसचा मूळ अर्थ डोके नाही आणि कोबीही नाही. काउलिस म्हणजे देठ, झाडाचा दांडा.

या छोट्या पुस्तकाचा विषय तो देठच आहे. एका शब्दावर अख्खे पुस्तक कशाला, असे एका मित्राने विचारले, तेव्हा मी त्याला मंडईत घेऊन गेलो. हिवाळ्याचे दिवस होते. एकाच गाळ्यावर एका बाजूला कोबीचे गड्डे, मध्ये फ्लॉवर आणि कोपऱ्यात पाने छाटलेले नवलकोल रचून ठेवलेले. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ही तिन्ही एकाच जातीची बाळे: लिनेअसने १७५३ मध्ये जिला ब्रासिका ओलेरासिया हे नाव दिले ती जात. हे पुष्कळांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की ही तीन नावेही एकाच घरातली आहेत. काउलिस मराठीत तीनदा आला, तीन वेगवेगळ्या दर्यावर्दी लोकांच्या तोंडून: पोर्तुगीज, इंग्रज आणि डच. पहिल्या खेपेला त्याचा 'ल' गळून पडला होता. दुसऱ्या खेपेला आपण त्याला अख्खाच टाकून दिला. तिसऱ्या खेपेला तो सुखरूप पोचला, पण आपण त्याच्यापुढे 'नवल' लावून त्याची ओळख झाकून टाकली.

आधी देठाचा कोबी कसा झाला ते पाहू, कारण गोम तिथेच आहे. लॅटिनमध्ये कोबीला दुसरा, जुना शब्द होता: ब्रासिका. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या केटोने शेतीवरच्या आपल्या पुस्तकात ब्रासिकाचे जे गोडवे गायले आहेत, ते वाचताना आपल्याकडच्या गोमूत्रवाल्यांची आठवण येते. पोट, सांधे, जखमा, सगळ्यांवर कोबी. मेजवानीत मनसोक्त प्यायचे आणि खायचे असेल तर आधी व्हिनेगरमध्ये बुडवलेला कच्चा कोबी खा, हाही त्याचाच सल्ला. पण दोनशे वर्षांनी प्लिनी लिहायला बसतो तेव्हा बागेत पहिला मान कोणाचा हे सांगताना त्याच्या लेखणीतून 'काउलेस' उतरते, देठे. ब्रासिका हा शब्द तो केटोचा उल्लेख करताना वापरतो. म्हणजे जुना शब्द पुस्तकात राहिला आणि बागेत देठ शिरला.

यात चमत्कारिक काही नाही. टपरीवर कोणी 'पान खाणार का' म्हटले, तर आपण पिंपळाचे की वडाचे असे विचारत नाही. पान म्हणजे कुठल्याही झाडाचे पान. पण खायचे म्हटले की विड्याचे. सोलापूरकडे 'शेंगांची चटणी' म्हटली की भुईमुगाच्याच शेंगा, शेवग्याच्या किंवा गवारीच्या नव्हेत. ज्या गोष्टीचा खप जास्त, ती सगळ्या जातीचे नाव बळकावून बसते. रोमन स्वयंपाकघरात देठे पुष्कळ शिजत असतील, पण ज्या देठाशिवाय दिवस जात नव्हता तो या भाजीचा. शिवाय तेव्हाचा कोबी आजच्यासारखा घट्ट आवळलेला चेंडू नव्हता. पानांचा पसारा, मधून निघणारे कोवळे कोंब, असा काहीसा तो दिसे. खाणाऱ्याच्या डोळ्यांत आधी देठच भरत असणार. या कोवळ्या कोंबांना लॅटिनमध्ये 'काउलिकुली' किंवा 'कोलिकुली' हे लाडाचे नाव होते, आणि ते एका फार गंभीर कागदपत्रात सापडते: सम्राट डायोक्लेशियनने इसवी सन ३०१ मध्ये महागाई आवरण्यासाठी काढलेल्या भावबांधणीच्या फर्मानात. भाव काही आवरले नाहीत. चार वर्षांनी डायोक्लेशियनने गादी सोडली आणि आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिट गावी जाऊन बाग केली. परत या म्हणून विनवणाऱ्यांना त्याने आपल्या हातांनी लावलेल्या भाज्यांचे कौतुक सांगून वाटेला लावले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. इंग्रजी पुस्तकांत त्या भाज्यांचा नेमका कोबी होतो. लॅटिन मजकुरात मात्र 'होलेरा' आहे, म्हणजे नुसता भाजीपाला. इतिहासकारांना सम्राटाच्या हातात कोबीच बरा वाटला असावा. मलाही वाटतो, पण इथे तो काउलिस नाही, म्हणून ही गोष्ट मी पुस्तकात पुढे घेतलेली नाही.

काउलिसच्या मागे जायचे तर ग्रीक 'काउलोस' लागतो, अर्थ तोच, देठ. त्याहून मागे गेले की बाल्टिक भाषांत हा शब्द 'हाड' होऊन बसलेला दिसतो: लिथुएनियन 'काउलास' म्हणजे हाड. पोकळ देठ आणि पोकळ हाड, नळीसारखे काहीतरी, असा मूळ कल्पनेचा आकार असावा. जुन्या कोशकारांनी संस्कृत 'कुल्या' (पाण्याचा पाट) हीही त्याच ओळीत बसवली आहे. हे जुळणे सर्वांना मान्य नाही, त्यामुळे मी तिला गणगोतात धरलेले नाही. पंगतीला दूरचे पाहुणे म्हणून बोलवायला हरकत नाही. लॅटिनमध्येच या देठाचे आणखी एक, घरात मोठ्याने न सांगण्याजोगे काम होते. केल्सुस हा वैद्यकावर लिहिणारा गंभीर लेखक पुरुषाच्या अवयवासाठी 'कोलेस' हाच शब्द वापरतो. भाषाशास्त्राचे विद्यार्थी हे विसरत नाहीत, एवढेच सांगून पुढे जातो.

'काउ'चा 'को' कसा झाला, याचे उत्तर आपल्याला परक्याकडे शोधावे लागत नाही. गौरचा गोरा झाला, मौक्तिकाचा मोती झाला. पसरट जोडस्वर जिभेवर आवळला की 'ओ' होतो. रोममध्ये हे शिष्ट आणि गावंढळ यांच्यातले भांडण होते. सम्राट व्हेस्पेशियन शेतकरी वळणाचा माणूस. गाड्यांना तो 'प्लोस्त्रा' म्हणे. फ्लोरुस नावाच्या एका मानकऱ्याने त्याला सांगितले की शुद्ध रूप 'प्लाउस्त्रा' आहे. दुसऱ्या दिवशी सम्राटाने त्याला दरबारात हाक मारली: 'या, फ्लाउरुस!' सुएटोनिअसने ही गंमत नोंदवून ठेवली आहे. ग्रीक जाणणाऱ्यांना तिची गोडी आणखी कळत असणार, कारण ग्रीकमध्ये त्या उच्चाराचा अर्थ कवडीमोल असा होतो. भाजीवाले अर्थातच सम्राटाच्या बाजूचे होते. शेतीवरच्या लॅटिन ग्रंथांत 'कोलिस' हे रूप भेटते, आणि स्पॅनिश 'कोल' आजही तेच बोलते.

इथून पुढे वंशवेल इतकी फोफावते की ती सगळी मांडायला पुढची प्रकरणे आहेत. इथे मला आवडणाऱ्या दोनचार फांद्याच हलवून दाखवतो. फ्रेंचमध्ये काउलिसचा 'शू' झाला. ऐकताना विश्वास बसत नाही, पण फ्रेंच हे काम नियमाने करते: 'का'चा 'श' आणि 'आउ'चा एक गोल स्वर. लॅटिन 'काउसा' (कारण) फ्रेंचमध्ये 'शोज' (वस्तू) झाले, त्याच वाटेने काउलिस 'शू'पर्यंत आला. फ्रेंच माणूस लाडक्या माणसाला 'माझ्या कोबी' म्हणतो. बेकरीत जे क्रीम भरलेले फुगीर गोळे मिळतात त्यांच्या पिठालाही कोबीचेच नाव आहे, कारण फुगल्यावर ते तसे दिसतात. पण सगळ्यांत मजेदार तो 'शूक्रूत'. जर्मन सीमेवरच्या अल्सास प्रांतात आंबवलेल्या कोबीला 'सुरक्रुट' म्हणतात. सुर म्हणजे आंबट, क्रुट म्हणजे कोबी. फ्रेंच कानाने 'सुर'च्या जागी 'शू' ऐकला आणि 'क्रुट'च्या जागी 'क्रूत', म्हणजे पावाचा कडक पापुद्रा. कोबी शब्दात शिरला खरा, पण आंबटाची जागा घेऊन. आणि मूळचा कोबी पावाचा पापुद्रा होऊन बसला. भाषेला भाजीची काही पडलेली नसते. तिला फक्त ओळखीचे तोंड दिसायला हवे.

उत्तरेकडच्या भाषांनी हा शब्द रोमन लोकांकडून भाजीसकट उचलला. जर्मन कोल, डच कोल, स्वीडिश कोल. कान देऊन ऐकले तरी परका माणूस फरक सांगू शकणार नाही. फिनिशमध्ये तो 'काआली' झाला आणि स्कॉटलंडमध्ये 'केल'. जर्मनीचा १९८२ ते १९९८ इतका प्रदीर्घ काळ चॅन्सेलर राहिलेला हेल्मुट कोल आडनावाने कोबीच. पण व्यंगचित्रकारांना त्याच्या चेहऱ्यात नासपती दिसले आणि टोपणनाव तेच पडले. स्कॉटिश 'केल' मात्र विचार करायला लावतो. तिथे भाजीच्या नावाचा अर्थ हळूहळू रस्सा झाला आणि पुढे सगळे जेवणच. वेल्श भाषेत 'काउल' म्हणजे सरळसरळ रस्सा. भाजीला तिथे वेगळा शब्द आहे, 'ब्रेसिख', आणि तो म्हणजे केटोचा ब्रासिका! लॅटिनमध्ये जे दोन शब्द एकमेकांच्या जागेसाठी झगडत होते, त्यांना त्या लहानशा भाषेने एकाला कढईत आणि एकाला बागेत, अशी वाटणी करून दिली. गरिबाच्या घरी भाजी आणि जेवण यांत फार अंतर नसते. 'भाकरी खाल्ली का' या आपल्या प्रश्नातही नुसती भाकरी नसते.

अमेरिकेत पोचलेल्या डच लोकांची 'कोलस्ला', म्हणजे कोबीची कोशिंबीर, इंग्रजांनी 'कोल्ड स्लॉ' ऐकली. थंड कोशिंबीर आहे म्हटल्यावर गरमही हवी, म्हणून 'हॉट स्लॉ' जन्माला आली. शब्द चुकीचा ऐकला म्हणून पदार्थ तयार झाला, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. पोर्तुगीज भाषेची एक खोड आहे: दोन स्वरांमध्ये सापडलेला 'ल' ती गिळून टाकते. लॅटिन 'कोलोर' (रंग) तिथे 'कोर' होतो, 'दोलोर' (वेदना) 'दोर' होतो. तसाच काउलेमचा (हे काउलिसचेच एक रूप) 'ल' गेला. राहिलेले दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये 'व' घातला गेला, आणि झाला 'कोउव्ह'. लॅटिन 'आउदिरे' (ऐकणे) याचे पोर्तुगीजमध्ये 'ओउव्हिर' होते, तेही याच पद्धतीने. तेव्हा कोबीतला 'ब' रोमन नाही. ती लिस्बनच्या वाटेवर भरलेली पोकळी आहे. आपण चावी हा शब्द पोर्तुगीजांकडून घेतला तेव्हा त्यातला 'व' तसाच ठेवला. हिंदीने त्याची चाबी केली. कोबीत मात्र आपणही 'ब' केला. याचे कारण शोधत बसू नये. अशा बाबतीत जीभ कोणाला विचारत नाही.

अर्थही जागा सोडून सरकला. पोर्तुगालमध्ये घट्ट गड्ड्याला 'रेपोल्यु' म्हणतात. कोउव्ह म्हणजे प्रामुख्याने मोकळ्या पानांची, उंच दांड्याची भाजी. तिची पाने केसासारखी बारीक चिरून 'काल्दु व्हेर्द' हे हिरवे सूप करतात. आपण पानांचे नाव घेतले आणि गड्ड्याला लावले. लिंगाचाही घोळ आहेच. लॅटिन काउलिस पुल्लिंगी, पोर्तुगीज कोउव्ह स्त्रीलिंगी. आमच्या घरी 'कोबी चिरला' म्हणतात, शेजारी 'कोबी चिरली' म्हणतात. कोण बरोबर, असे मला पुन्हा कोणी विचारू नये: एकजण रोमला धरून आहे, दुसरा लिस्बनला.

या शब्दाचा आशियातला माग ज्याने पहिल्यांदा पद्धतशीर काढला तो आपल्या शेजारचाच माणूस. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांचा जन्म १८५५ साली बार्देशातल्या आसगावचा. आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरचा त्यांचा कोश १९१३ मध्ये कोइंब्राला छापला गेला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याहून निघाले. बटाटा, पाव, काजू, पिंप या सगळ्या आपल्या वाटणाऱ्या शब्दांच्या जन्मपत्रिका त्यांनी शांतपणे मांडून ठेवल्या आहेत. त्यांच्या कोशाशिवाय माझे पुस्तक अर्धेही झाले नसते. गुजरातीत कोबी, बंगालीत 'कपि'. या शेवटच्याचे लेखन पाहून संस्कृत जाणणारा दचकतो, कारण 'बांधाकपि' म्हणजे त्याला बांधून घातलेले माकड वाटते. कानडी 'कोसु' आणि तमिळ 'कोस' हे पोर्तुगीज अनेकवचनावरून आले असे मानतात. हिंदीतल्या गोभीबद्दल वाद आहे. एक पक्ष ती संस्कृत 'गोजिह्वा' या रानवनस्पतीवरून काढतो, दुसरा कोउव्हवरून. माझे मत असे की दोघांनाही पूर्ण हाकलू नये. अल्सासमध्ये जे झाले तेच इथे झाले असावे: परका शब्द दारात आला आणि ओळखीच्या जुन्या नावाचा सदरा घालून आत गेला.

फ्लॉवरची कथा लहान पण माझ्या दृष्टीने सगळ्यांत गोड आहे. इटालियन 'काव्होलफिओरे' म्हणजे कोबीचे फूल. पोलिशमध्ये तो 'कालाफिओर' झाला, हंगेरियनमध्ये 'कारफिओल'. इंग्रज वनस्पतिकार जेरार्डने १५९७ मध्ये 'कोल फ्लोरी' लिहिले. पुढे लॅटिन शिकलेल्यांनी पहिला अर्धा भाग पुन्हा 'कॉली' करून त्याला मूळ काउलिसचे कपडे चढवले. भारतात हे बी १८२२ च्या सुमारास सहारनपूरच्या कंपनी बागेत आले, असे भाजीपाल्यावरची पुस्तके सांगतात. विदर्भाकडे पानकोबी-फुलकोबी अशी नीट जोडी लावली आहे. पण पुण्या-मुंबईच्या बाजारात ओरडतात तो नुसता 'फ्लॉवर'. पंडितांनी कष्टाने जपलेला काउलिस आम्ही छाटून टाकला आणि फक्त फूल घेतले. जगातल्या सगळ्या फुलांतून हे एकच, भाजीत घालायचे. आता शेजारी पाहा: कोबीत काउलिस आहे, फ्लॉवरमध्ये लॅटिन 'फ्लोस' आहे. मिक्स भाजीसाठी दोन्ही एका पिशवीत टाकले की मोडलेला कॉलीफ्लॉवर पिशवीतच पुन्हा जुळतो.

आणि नवलकोल. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात या भाजीची स्वतंत्र नोंद आहे. बर्डवूड यांनी मुंबई इलाख्याच्या उत्पन्नावरच्या पुस्तकात तिचे नाव 'नोलखोल' लिहिले याचा तिथे उल्लेख आहे, आणि शब्द डच दिसतो असा निर्वाळाही. डच 'क्नोल' म्हणजे गड्डा किंवा कंद, 'कोल' म्हणजे कोबी. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकातल्या डच वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. तिथूनच हा शब्द आला असे म्हणण्याचा मोह मला फार झाला, पण त्याला कागद नाही. श्रीलंकेत डचांनी जवळजवळ दीडशे वर्षे राज्य केले आणि तिथून व दक्षिणेतून इंग्रजांच्या बागांमार्फत तो वर सरकला, हे जास्त संभवते. वाटेत कानडीने 'नोल'चा 'नविलु' म्हणजे मोर केला. नविलुकोसु, मोराचा कोबी. आपण नवल केले. दोघांनीही परक्या आवाजात आपले काहीतरी ऐकले. शार्लमेनच्या काळात, सन ८०० च्या आगेमागे, राजाच्या मळ्यांत काय लावावे याची जी यादी निघाली तीत 'काउलोस' आणि 'रावाकाउलोस' ही दोन नावे वेगवेगळी आहेत. दुसरी भाजी आजचाच नवलकोल होती का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. नावाची बांधणी मात्र तीच आहे: गाजर-मुळ्यांसारखा कंद आणि कोबी.

नवलकोल हा खरे तर कंद नाही. जमिनीच्या वर फुगलेला तो देठ आहे, आणि त्याच्या अंगावर पाने कुठे फुटली होती त्या खुणाही दिसतात. पाने खायच्या कोबीने आणि कळ्या खायच्या फ्लॉवरने देठाचे नाव कधीचे हरवले. ज्याचा देठच खातात त्याच्याकडे ते 'कोल' म्हणून अजून शाबूत आहे. हे मला पुस्तक निम्मे लिहून झाल्यावर सुचले, म्हणून शेवटचे प्रकरण पहिल्यापेक्षा मोठे झाले आहे. ते आवरते घेण्याचा प्रयत्न मी केला नाही.

परकी नावे नागरीत लिहिताना मी उच्चाराच्या जवळ राहिलो आहे. तज्ज्ञांना ती कुठे कुठे खटकतील. ब्रोकोलीला पुस्तकात जागा नाही, कारण ती याच जातीची असली तरी तिचे नाव पुढे आलेल्या दातांसाठी असलेल्या लॅटिन शब्दाशी जाते. ते घराणे वेगळे. आणि हे पुस्तक स्वयंपाकाचे नाही, हे आधीच सांगतो, कारण हस्तलिखित वाचणाऱ्या दोघींनी कोबीच्या वड्यांची कृती कुठे आहे असे विचारले.

आमच्याकडे कोबी किसायला घेतला की शेवटी हातात एक पांढरा, बोटभर जाडीचा दांडा उरायचा. किसणीवर तो चालत नसे आणि बोटे मात्र सोलत. आई तो सोलून, मीठ लावून किसणीजवळ घुटमळणाऱ्याच्या हातात द्यायची. आम्ही भावंडे त्यावरून भांडत असू. त्याला आम्ही नुसते 'दांडा' म्हणत होतो.